बेबाचा लोअर बर्थ

हनोई,
शनिवार सकाळ

प्रिय बेबा,

आधी चष्मा शोध. फ्रीजवर नसेल तर देवघरात असेल, तिथेही नसेल तर तुझ्याच डोक्यावर असेल. सापडला तरी तुला त्रास होणारच आहे, कारण अक्षर फार बारीक आलंय. मला कागद मिळाला थोडा आणि सांगायचंय पुष्कळ, तेव्हा कुरकुर करू नकोस. वाचवत नसेल तर घरातल्या कुणालातरी समोर बसवून मोठ्याने वाचून घे. फक्त मधलं काही गाळायचं नाही अशी त्याला तंबी दे. पत्र घेऊन आलेली मुलगी भूमिका. धुळ्याची आहे, पुण्यात नोकरी करते, सुट्टीवर इथे आली होती आणि आठवडाभर माझ्या समोरच्या बर्थवर होती. तिला पोटभर जेवू घाल आणि पत्र संपेपर्यंत उठू देऊ नकोस. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू कशी बोलतेस ते मला ठाऊक आहे. आजूबाजूला सगळे असतात, मग तू नुसतं हो, बरं, ठीक एवढं म्हणतेस, भाजी काय केली ते सांगतेस आणि फोन ठेवून देतेस. असल्या बोलण्यासाठी मी परदेशात बसून रिचार्ज मारणार नाही.

पहिल्यापासून सांगते. टॅक्सीवाल्याने मला हनोईच्या जुन्या भागात एका बोळाच्या तोंडाशी सोडलं. बोळ एवढा अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला पाठ लावावी लागते. बोळाच्या टोकाला हॉस्टेल. हॉस्टेल म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर जळगावचं मुलींचं वसतिगृह येईल, तसं नाही. एका खोलीत आठ जणी, रेल्वेच्या डब्यासारखे खाली-वर बर्थ, प्रत्येकीला पडदा, दिवा आणि सामानाचं छोटं कपाट. दारात एक पंचविशीचा मुलगा पासपोर्ट बघायला उभा होता. आता तू मला सांग, वरणगावच्या काडतुसांच्या फॅक्टरीच्या गेटातून तू आणि मी आयुष्यभर आत गेलो, तर दार आणि दारात उभा माणूस दिसला की आपलं अंग आपल्याला विचारतं का? मी पर्स खाली ठेवली, दोन्ही हात बाजूला पसरले आणि झडती द्यायला उभी राहिले. पोरगा गोंधळला. मग त्याला वाटलं, ही म्हातारी एवढ्या लांबून आलीय, मायेने हात पसरतेय. तो पुढे आला आणि त्याने मला घट्ट मिठी मारली. मी तशीच उभी, हात पसरलेले. बेबा, गेटवरच्या दरबान बाया सोडल्या तर इतक्या वर्षांत माझ्या अंगाला कुणी हात लावला नव्हता, आणि त्या बाया तर काडेपेटी शोधायला लावायच्या. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. त्या दिवसापासून मी बाहेरून आले की तो काउंटरमागून उठून हात पसरतो. मी खुलासा केलेला नाही आणि करणारही नाही. फॅक्टरीतलं बाहेर बोलायचं नसतं.

खोलीत गेले तर आपले दोन बर्थ तयार. तुझे गुडघे दुखतात म्हणून खालचा तुझा, वरचा माझा, हे आपण फॅक्टरीत जाणाऱ्या बसमध्येच ठरवलं होतं ना. तू आली नव्हतीस. तरी मी शिडी चढून वरच गेले. खालच्या बर्थवर तुझी चादर घातली, उशीशी तू दिलेला ज्वारीच्या बिबड्यांचा, आपल्या पापडांचा, डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी एक उंच पोरगी आली, कुठल्या थंड देशाची, तिला खालचा हवा होता. मी म्हटलं, बेबा येतेय. तिला इंग्रजी माझ्याहून कमी येत होतं, तरी तिने मान डोलावली आणि दुसरीकडे गेली. चार दिवस असं निभावलं. मग मॅनेजर बाईने मला प्रेमाने समजावलं की बेबा आली की बघू, तोवर दुसऱ्या कुणाला झोपू दे. मी चादर काढून घेतली. पण वरून खाली उतरले नाही. मला कुणी विचारलंच तर सांगते, हा माझा बर्थ आहे, माझ्या नावावर आहे, उगाच कुणी दिलेला नाही.

हे वाक्य मी उगाच बोलत नाही, तुला कळेल. रतिलाल गेले तेव्हा लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. तुझे अभिमनभाऊ त्याच वर्षी गेले. आपण दोघी नवऱ्यांच्या जागेवर लागलो आणि शेवटपर्यंत तिथे लोक मला रतिलालच्या जागेवरची बाई म्हणत राहिले. तपासणीच्या टेबलावर समोरासमोर बसून आपण काडतुसं उचलायचो, फिरवून बघायचो, पोचा किंवा ओरखडा दिसला की बाजूच्या डब्यात टाकायचो. टेबलावर बोलायचं नाही, म्हणून सगळं बोलणं बसमध्ये. त्या बसमध्ये आपण जग फिरलो. एकदा तू म्हणालीस की जिथे आपल्याला कुणाची सून, कुणाची विधवा असं कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं. तेव्हा परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागायची. आपण म्हणायचो, एकदा निवृत्त होऊ दे, मग कुणाच्या बापाची परवानगी नको. मला काय माहीत की तुझ्या बाबतीत परवानगीचा कागद ऑफिसातून उठून घरात येऊन बसणार आहे.

पासपोर्ट काढायला आपण दोघी गेलो होतो. फोटो काढताना तू पदर डोक्यावर घेतलास आणि तिथल्या माणसाने कान दिसू द्या म्हटलं, तेव्हा तू लाजलीस. किती हसलो आपण त्या दिवशी. मग तिकिटं काढायची वेळ आली आणि तुझ्या स्वप्नीलने तुझा पासपोर्ट सांभाळून ठेवतो म्हणून आपल्या कपाटात ठेवला. तो सांभाळला तो सांभाळलाच. मी घरी आले होते बोलायला. तो ओरडला नाही, भांडला नाही, पोर गुणी आहे. शांतपणे म्हणाला, "मावशी, तुझं ठीक आहे. आईला काही झालं तर लोक मला विचारतील." तू स्वयंपाकघरात उभी होतीस, तू ऐकलंस. पोळी तव्यावर करपली तरी तू हलली नाहीस. मीही तेव्हा चहा पिऊन निघून आले, कारण परक्या घरात आवाज चढवायचा नाही असं मला शिकवलंय. आता घरापासून एवढी लांब आहे की आवाज चढवला तरी चालेल.

रावेरला माझ्या भावानेही, ज्ञानेश्वरने, अंगण डोक्यावर घेतलं होतं. "आता ह्या वयात एकटी कुठी चालली? देवाधर्माले जाय." म्हणजे बघ, मी चारधामच्या बसमध्ये बसले असते, चाळीस जणांबरोबर धर्मशाळेच्या सतरंजीवर झोपले असते, आजारी पडून परत आले असते, तर ह्याच लोकांनी मला नारळ देऊन ओवाळलं असतं. तिथेही बिछाना दुसऱ्याचाच, पाणी परकंच, डोंगर तर इथल्याहून उंच. मग फरक काय? फरक एवढाच की तिथे बाई देवासाठी जाते आणि इथे ती स्वतःसाठी आली. हे त्याला मी सांगितलं. त्याने आठ दिवस फोन केला नाही. मग केळीच्या गाड्या भरण्याचं काम निघालं आणि तो आपोआप विसरला.

केळीवरून आठवलं. इथल्या बाजारात तुला नेलं असतं तर तू शिंदखेड्याची, तुला भाजी-मिरचीचं कौतुक वाटलं असतं. मी पडले रावेरची, मी केळीपाशीच थांबले. आमच्याकडे घडाच्या खालचं केळफूल मोडायचं आणि बांधावर फेकून द्यायचं, ढोरंसुद्धा त्याच्याकडे बघत नाहीत. इथे एक बाई पाटावर बसून तेच केळफूल केसासारखं बारीक चिरत होती आणि काळं पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि बघत राहिले. लहानपणापासून आम्ही किती फेकलं असेल, त्याची मोठी टेकडी झाली असती. तिने शेंगदाणे, पुदिना घालून थोडं कालवून दिलं. तुरट, कुरकुरीत, छान लागतं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, त्यामुळे बायका देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे ठेवायला केळ्यांच्या हिरव्या फण्या निवडत होत्या. बापरे, काय निवड! बोटं वर वळलेली हवीत, एकही मोडकं नको, टोकाला वाळकं फूल असलं तर उत्तम. आमच्याकडे ट्रकात चढली की केळी संपली, मग ती मालच. मीही एक फणी घेतली. हॉस्टेलच्या खाली मॅनेजर बाईचं छोटं देवघर आहे, तिथे ठेवली. कुणासाठी, असं तिने खुणेने विचारलं. मी रतिलालचं नाव सांगितलं. तिने ते तिच्या पद्धतीने वाकडंतिकडं उच्चारलं आणि उदबत्ती माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांनी ते नाव कुणीतरी "च्या जागेवर" हे न जोडता घेतलं.

आता हसण्याचं ऐक. तू भुसावळ स्टेशनवर कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ दिलं होतंस. बाजारात वांगी दिसली, आपल्या भरिताच्या वांग्यांसारखी मोठी हिरवी नाहीत, लांबट जांभळी. पण मला राहवेना. हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर आहे. मी गॅसवर वांगी भाजायला ठेवली, हिरव्या मिरच्या ठेवल्या आणि पिठात पाणी घालत होते, एवढ्यात छतावरच्या कसल्याशा डबीतून भोंगा वाजायला लागला. बेबा, भोंगा! मला वांगी दिसेनात, हॉस्टेल दिसेना. आपली दर महिन्याची आगीची कवायत माझ्या अंगात आली. गॅस बंद केला, जिन्याने खाली येत प्रत्येक दारावर थापा मारल्या, बाहेर, सगळे बाहेर, सामान घ्यायचं नाही, असं मराठीत ओरडत सगळ्यांना बोळात काढलं. कुणी टॉवेलवर, कुणी तोंडाला साबण लावलेलं. खोलीवार रांगा केल्या आणि डोकी मोजली. एक डोकं कमी आलं तेव्हा मी परत आत निघाले, तर तो मिठीवाला पोरगा म्हणाला की तो मनुष्य सकाळीच गाव सोडून गेलाय. मग मॅनेजर बाई वरून आली आणि हातात काळं ठिक्कर वांगं धरून तिने सगळ्यांना दाखवलं. मला वाटलं, आता मला काढणार. पण लोक टाळ्या वाजवायला लागले. एवढे देश फिरलो, कुणी आम्हाला मोजलं नव्हतं, असं त्यातली एक पोरगी म्हणाली. मग काय, भरीत झालंच. कुटायला बडगी नव्हती, बिअरच्या बाटलीच्या बुडाने ठेचलं. कळण्याच्या भाकरी केल्या. बोळात ते इथले बुटके प्लास्टिकचे स्टूल मांडून पंगत बसली. धूर डोळ्यांत, मिरची नाकात, सगळे रडत होते आणि आणखी मागत होते. तू नाही आलीस, तुझं पीठ आलं. मला त्याचाच राग येत होता, प्रत्येक भाकरी थापताना.

आता एक असं सांगते जे मी फोनवर सांगितलं नाही. मधे मी दक्षिणेला ह्वे नावाच्या गावी गेले होते, एकटीच, रात्रीच्या गाडीने. तिथे पावसात हॉस्टेलच्या पायरीवरून पाय घसरला आणि घोटा वळला. चांगला सुजला, टेकवेना. जे स्वप्नील म्हणत होता ते झालं. आणि खोटं कशाला बोलू, पहिला तास मी पायरीवर बसून घाबरले होते. इथे आपलं कोण, असं मनात आलंच. मग खोलीतल्या दोघींनी मला धरून आत नेलं, एकीने बर्फ आणला, दुसरीने डॉक्टरकडे नेऊन आणलं. खालच्या स्वयंपाकीण बाईने आलं टाकून पाणी गरम केलं आणि रोज माझा पाय तिच्या मांडीवर घेऊन शेकला. आठवड्याने मी हळूहळू चालायला लागले. वरणगावच्या माझ्या घरात मी न्हाणीघरात पडले असते तर मला किती वेळाने कुणी विचारलं असतं, सांग बरं. काही होईल म्हणून घरात बसणारी बाई घरातही पडतेच. मी पडले आणि उठले. एवढं झालं तरी मी तिकीट बदललं नाही.

पाय बरा होत होता तेव्हा मी नदीकाठच्या बाजारात जाऊन बसायचे. तिथे एक म्हातारी चहाची टपरी चालवते, आपल्याहून मोठी असेल, सत्तरीपुढची. चहाच्या बाजूला एका ताटात जुन्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ठेवलेल्या, त्यांचे पेन, किल्लीची टोकं वगैरे करून विकायची. त्या पुंगळ्या त्यांच्याकडच्या जुन्या लढाईतल्या, आपल्या नव्हेत. पण हात तो हात. मी एक उचलली, उजेडाकडे धरून फिरवली, अंगठा फिरवला, पोचा दिसला, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. भानावर आले तेव्हा मी तिच्या मालाचे दोन ढीग केले होते, चांगला आणि नापास. म्हातारी बघत होती. मी ओशाळले. नापास ढिगातली एक पुंगळी उचलून तिने आपल्या खांद्याकडे बोट केलं, ब्लाऊजखाली जुना व्रण होता. बेबा, आपण पेट्या भरून पाठवल्या. पुढे त्या कुठे जातात हे विचारायचं नाही असं आपल्याला शिकवलं होतं आणि आपणही विचारलं नाही. तिथे मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी तिचा हात धरून बसले. तिने मला चहा दिला.

तेवढ्यात तिचा मुलगा स्कूटरवर आला. आपल्या स्वप्नीलच्याच वयाचा, तसाच इस्त्रीचा शर्ट. तो भराभरा बोलायला लागला, घड्याळ दाखवायला लागला, आभाळाकडे हात करायला लागला. मला त्यांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण सगळं कळलं. पाऊस येतोय, कशाला बसतेस, लोक मला नावं ठेवतात, चल घरी. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, हसली, त्याच्यापुढे एक स्टूल सरकवला आणि आपला चहा प्यायला लागली. तो उभाच. तिचा चहा काही संपेना. शेवटी तो बसला. मग तिने त्यालाही कप भरून दिला. पाऊस आला, आम्ही तिघं ताडपत्रीखाली बसलो, आणि पाऊस थांबल्यावर तिने स्वतः उठून टपरी बंद केली, स्वतःच्या वेळेला. मुलगा स्कूटर घेऊन मागे मागे चालत गेला. मला वाटलं, ही बाई तुझ्याशी बोलायला हवी होती.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. भुसावळच्या फलाटावर गाडी सुटायला आली, पिठाची पिशवी माझ्या हातात देताना तू म्हणालीस, "तुनं बरं शे चारु, तुले आडावणारं कोणी नही." तू चिडून नाही म्हणालीस, मला ठाऊक आहे. पण मुंबईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला आडवणारं कुणी नाही हे खरं आहे. संध्याकाळी कुलूप उघडून मीच आत जाते आणि मीच दिवा लावते. ते काही मी मागून घेतलेलं नाही. पण मिळालंय तर मी त्याच्यावर बसून रडणार नाही, त्याचे पंख करून उडेन, असं मी त्या गाडीत ठरवलं. आणि तुला आडवणारं माणूस आहे, हे तुझं भाग्यच आहे. फक्त भाग्याने कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवू नये.

कारण स्वप्नीलला कुणी आडवलं होतं? पुण्याला इंजिनिअरिंगला निघाला तेव्हा तू जेवली नाहीस दोन दिवस, पण त्याची वळकटी तूच बांधलीस. कंपनीने जर्मनीला पाठवायचं ठरवलं तेव्हा तुझ्या सुनेला, किरणला, सातवा महिना होता. शेजारीपाजारी काय काय म्हणाले होते. तू एक शब्द काढला नाहीस. तुला झोप येत नव्हती, तिकडे बर्फात त्याला काही झालं तर, म्हणून. तरी तूच त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी बांधलीस आणि स्टेशनवर हसून हात हलवलास. आई घाबरली म्हणून मुलगा थांबत नाही, आणि थांबूही नये. मग मुलगा घाबरला म्हणून आईनेच का थांबायचं, एवढं मला कुणीतरी समजावून सांगावं. मी वाट बघतेय.

बाकी तुझ्यावरही माझा राग आहे. तू एकदाही मोठ्याने म्हणाली नाहीस की मला जायचंय. तपासणीच्या टेबलावर तोंड मिटायची सवय लागली ती तू घरी घेऊन आलीस. काडतुसांचं गुपित ठेवायचं होतं बाई, स्वतःच्या मनाचं नव्हे.

आता शेवटचं, आणि हे तुझ्यासाठी नाही. स्वप्नील, तुझ्याशी बोलतेय. मला माहीत आहे की हे पत्र तूच वाचतोयस. तुझ्या आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मुद्दाम मुंगीएवढं लिहिलंय. इथे कागद हवा तेवढा मिळतो. भूमिकाला रविवारीच जा म्हणून सांगितलं, कारण रविवारी तू घरी असतोस. मी तुला एकट्याला गाठून सांगितलं असतं तर तू शांतपणे मला चहा पाजून वाटेला लावलं असतंस. म्हणून तुझ्याच तोंडून तुझ्या आईला सगळं ऐकवलं, आणि तुझं ते वाक्यही तिच्यासमोर तुलाच वाचायला लावलं. फॅक्टरीच्या इस्टेटीतल्या रस्त्यावर तुझ्या सायकलीमागे धावले आहे मी, तेवढा हक्क माझा आहे. तू पडशील म्हणून तुझी आई ओट्यावर डोळे मिटून बसायची, पण सायकल तिने कधी कुलपात ठेवली नाही. आता कागदावरून नजर काढ आणि आईचा चेहरा बघ, मला इथून दिसत नाही. मग ऊठ, कपाट उघड आणि पासपोर्ट तिच्या हातात दे. व्हिसाचं भूमिका तिथल्या तिथे मोबाईलवर करून देईल, त्यासाठीच ती थांबलीय. हातात पासपोर्ट आल्यावर तुझी आई नको म्हणाली तर मी तिला पुन्हा एका शब्दाने विचारणार नाही. पण नको म्हणायचं ते तिने म्हणायचं, तू नाही. आणि बेबा, तू हो म्हणालीस तर ऐक. मी इथून अजून महिनाभर हलत नाही. मॅनेजर बाईकडून खालचा बर्थ परत मागून घेतलाय, चादर घातलीय. विमानतळाच्या दारातून तू बाहेर येशील तेव्हा मी समोर दोन्ही हात पसरून उभी असेन. तूही पिशवी खाली ठेव आणि हात पसर.

तुझीच, वरच्या बर्थवरची,
चारु